जुन्या इमारतीतील अभ्यासिकेत वायफायचे ॲक्सेस पॉइंट नेमके कोठे बसवावेत?

महाल_अभ्यासिका, ४ एप्रिल

नमस्कार. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या इमारतीत आमची स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठीची अभ्यासिका आहे आणि तिची रोजची व्यवस्था मी पाहतो. पुढचा भाग दोन मजली आणि जुना आहे; त्याच्या भिंती अठरा इंची, विटा-चुन्याच्या आहेत आणि दोन मजल्यांच्या मध्ये सागवानी तुळया व फळ्यांचे तक्तपोशीचे काम आहे. मागचा भाग नंतर बांधलेला, आरसीसीचा आणि तीन मजली आहे. मुख्य दालन पुढच्या भागात पहिल्या मजल्यावर आहे. ते सुमारे साठ फूट लांब व बावीस फूट रुंद असून त्यात ऐंशी विद्यार्थी बसतात. दालनाच्या लांबीच्या बाजूने व्हरांडा आहे आणि व्हरांडा व दालन यांच्यामध्ये पाच मोठ्या खिडक्या आहेत.

गेल्या डिसेंबरमध्ये एका कंत्राटदाराकडून चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी उपकरणे, बसवून घेतली. त्यांतील तीन व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीने आहेत, कारण तारा झाकणारी केसिंग पट्टी तेथूनच नेता येत होती. चौथा मागच्या भागाच्या जिन्यात आहे. डिसेंबर ते मार्च कोणाचीही तक्रार नव्हती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून मात्र दालनात पाने उघडत नाहीत, सराव चाचणी भरता भरता मध्येच तुटते आणि विद्यार्थी स्वतःच्या मोबाईलचा डेटा वापरू लागले आहेत. ज्यांना तो परवडत नाही, ते व्हरांड्यात उन्हात उभे राहून चाचणी सोडवताना मी पाहिले आणि म्हणूनच हा धागा काढला. कंत्राटदाराचे म्हणणे आहे की आणखी दोन ॲक्सेस पॉइंट विकत घ्यावेत. संस्थेकडे पैसा मोजका आहे, त्यामुळे आधी नीट समजून घ्यावे असे वाटते.

सिव्हिल_लाइन्स, ४ एप्रिल

उपकरणांच्या सेटिंगमध्ये प्रक्षेपणाची शक्ती कमी ठेवलेली असेल, ती पूर्ण करून पाहावी. जाड भिंतीतून पलीकडे जायचे तर जोर हवाच. आमच्या कार्यालयात याने फरक पडला होता.

तारजोडणी, ४ एप्रिल

सिव्हिल लाइन्स यांच्या सूचनेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा समज फार सर्वत्र आहे. वायफाय म्हणजे आकाशवाणी नव्हे. येथे दोन्ही बाजूंना बोलावे लागते. सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये मोजतात. ॲक्सेस पॉइंट साधारण २० ते २३ डीबीएमने बोलतो, तर खिशातला मोबाईल बहुधा १५ डीबीएमच्या आसपासच बोलू शकतो. तीन डीबी म्हणजे दुप्पट शक्ती, हे लक्षात घेतले की दोघांच्या आवाजात किती अंतर आहे ते कळते. कस्तुरचंद पार्कावरच्या सभेत व्यासपीठावरचा कर्णा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो, पण त्या शेवटच्या माणसाने विचारलेला प्रश्न व्यासपीठापर्यंत पोहोचत नाही, तसे हे आहे. आपण कर्णा मोठा केला तर मोबाईलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतील आणि तरीही पान उघडणार नाही. विद्यार्थ्याला तर हा प्रकार अधिकच गोंधळात टाकतो.

त्याशिवाय व्हरांड्यात तीन ॲक्सेस पॉइंट एका ओळीत आहेत, म्हणजे मध्ये भिंत नाही आणि ते एकमेकांना अगदी स्वच्छ ऐकत असणार. तिघेही एकाच चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्टीवर, असतील तर एक बोलताना बाकीचे दोन गप्प बसतात. तीन उपकरणे लावूनही काम एकाचेच होते. शक्ती वाढवली तर हे आणखी बिघडेल.

धागाकर्त्यांना विनंती की पुढील माहिती द्यावी: तिन्ही उपकरणे कोणत्या चॅनेलवर आहेत, चॅनेलची रुंदी किती आहे, आणि दालनातील चार-पाच ठरावीक खुर्च्यांवर बसून मोबाईलवर सिग्नल किती डीबीएम दिसतो. काड्या मोजू नयेत. वायफाय तपासण्याची मोफत ॲप मिळतात, त्यांत हा आकडा दिसतो. तो ऋण असतो, म्हणजे उणे ५० हा उणे ७० पेक्षा चांगला. आवाजी संभाषण व चाचण्या अखंड चालाव्यात यासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा हाताशी असावा, असे आम्ही धरून चालतो.

महाल_अभ्यासिका, ६ एप्रिल

काल दुपारी तीन वाजता, दालन भरलेले असताना मोजणी केली. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झवर तिन्ही उपकरणे ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर, ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर आहेत, २.४ गिगाहर्ट्झवर तिन्ही ६ क्रमांकावर आहेत. खिडकीलगतच्या ओळीत उणे ७४ ते उणे ७७ आणि पलीकडच्या भिंतीलगत उणे ७९ पर्यंत आकडे आले. व्हरांड्यात उभे राहिल्यावर मात्र उणे ४० मिळतो. खिडकीलगतच्या खुर्चीपासून ॲक्सेस पॉइंट जेमतेम दहा फुटांवर आहे, तरी इतका फरक कसा पडतो, हे मला उमगत नाही. आणि भिंत जर डिसेंबरमध्येही अठरा इंचीच होती, तर तेव्हा का चालत होते?

चुनाविटा, ६ एप्रिल

मी जुन्या इमारतींच्या डागडुजीचे काम करतो, नेटवर्कचा जाणकार नाही. पण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला इमारतीतच दिसते. अठरा इंची भिंतीतून सिग्नल डिसेंबरमध्येही येत नसावा. तो खिडक्यांतून येत असावा. थंडीत आपण खिडक्या उघड्या ठेवत असाल, आणि लाकडी झडपा लावल्या तरी लाकूड फारसे अडवत नाही. मार्चच्या शेवटी त्या खिडक्यांत काय आले?

महाल_अभ्यासिका, ६ एप्रिल

कुलर! तीन खिडक्यांत मोठे कुलर बसवले आहेत आणि त्यांच्या कडेने राहिलेली फट पत्र्याने बंद केली आहे. उरलेल्या दोन खिडक्यांपुढे पुस्तकांची लोखंडी कपाटे सरकवली आहेत, कारण उन्हाळी रचनेत टेबले हलवावी लागली. हे माझ्या नजरेसमोर रोज होते.

तारजोडणी, ६ एप्रिल

चुनाविटा यांनी अचूक बोट ठेवले. कुलरची काया गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची असते आणि पत्रा रेडिओलहरी परत फेकतो. तिन्ही बाजूंच्या ताट्या ओल्या असतात, तळात साठ-सत्तर लिटर पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. आपण दालनाच्या खिडक्यांना ओल्या धातूची दारे लावली, असेच म्हणावे लागेल. विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पण नेटवर्कची आखणी पुस्तकातून शिकवली जाते तेव्हा तिच्यात कुलर नसतो. हिवाळ्यात केलेल्या मोजणीवर येथे उन्हाळा निभावत नाही.

शक्य असल्यास एक प्रयोग करावा. पहाटे विद्यार्थी येण्यापूर्वी एक कुलर स्टँडसकट बाजूला ओढावा आणि त्याच खुर्चीवर आधीचा व नंतरचा आकडा घ्यावा. म्हणजे विश्वस्तांना समजावताना आपल्या हाती पुरावा राहील.

महाल_अभ्यासिका, ८ एप्रिल

प्रयोग केला. आज सकाळी सहा वाजता मी व आमचे शिपाईकाका, आम्ही दोघांनी मधला कुलर पाणी काढून बाजूला घेतला. खिडकीलगतच्या दुसऱ्या खुर्चीवर कुलर असताना उणे ७६ होते. कुलर सरकवल्यावर उणे ६२ झाले. खुर्ची तीच, मोबाईल तोच, आणि मोबाईल टेबलावर एकाच जागी ठेवला होता. पुन्हा कुलर लावून पाहिला, तर उणे ७५ आले. शिपाईकाका शेजारी उभे राहून आकडा मोठ्याने वाचत होते आणि त्यांनाही हे पटले.

आता मूळ प्रश्नावर येतो. कुलर तर जूनअखेरपर्यंत हलणार नाहीत. ४५ अंशांच्या दुपारी त्यांच्याशिवाय ऐंशी मुले तेथे बसूच शकत नाहीत. तेव्हा ॲक्सेस पॉइंट दालनाच्या आत घ्यायचे, हे उघड आहे. पण आत नेमके कोठे आणि किती?

तारजोडणी, ९ एप्रिल

दालनाचे माप पाहता निव्वळ रेंजसाठी एकच ॲक्सेस पॉइंट मध्यभागी पुरेल. मध्ये भिंत नसताना साठ फूट लांबी ही ५ गिगाहर्ट्झला अडचण नाही. परंतु ऐंशी विद्यार्थी म्हणजे शंभराहून अधिक उपकरणे, कारण कित्येकांकडे मोबाईलबरोबर टॅब किंवा लॅपटॉपही असतो. हवेतली जागा सर्वांना वाटून घ्यावी लागते आणि उपकरणातल्या एका रेडिओवर, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागावर, तीस-चाळीस जण एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले की त्याची दमछाक होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून रेंजसाठी एक आणि गर्दीसाठी दोन, असा हिशेब करावा. लांबीचे चार समान भाग कल्पून पहिल्या व तिसऱ्या खुणेवर एकेक बसवावा, म्हणजे दोन्ही टोकांपासून पंधरा फुटांवर. भरलेल्या दालनात माणसांची शरीरेही सिग्नल खातात, त्यामुळे तो बाजूने येण्यापेक्षा वरून आलेला बरा.

आता उंची आणि दिशा. आपल्याकडची चकतीसारखी उपकरणे छताला उपडी लावण्यासाठी बनवलेली असतात. त्यांचा सिग्नल खाली व चौफेर पसरतो. तीच चकती भिंतीवर उभी लावली की अर्धा भर समोर व अर्धा वर-खाली जातो आणि व्हरांड्यात नेमके तेच झाले आहे. दालनाची उंची किती आहे? पंधरा फूट असेल तर अगदी तुळईला चिकटवण्यापेक्षा पाइपने दहा-अकरा फुटांवर आणलेला चांगला.

छतावरच्या पंख्यांकडेही लक्ष द्यावे. ॲक्सेस पॉइंट पंख्याच्या पात्यांच्या वर आला, तर फिरणारी धातूची पाती सिग्नल सतत कापत राहतात आणि आकडा स्थिर राहत नाही. पात्यांच्या पातळीखाली, दोन पंख्यांच्या मधोमध जागा घ्यावी.

चुनाविटा, ९ एप्रिल

एक कळकळीची विनंती. सागवानी तुळईला ड्रिल मारू नये. तुळईच्या खालच्या अंगात सगळा ताण असतो आणि तेथे पडलेले भोक पुढे ओल व वाळवीलाही वाट देते. तुळईला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी पट्टीचा क्लॅम्प कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. आत रबराची पट्टी घालावी, म्हणजे लाकडावर वळ उठणार नाहीत. त्या क्लॅम्पला खाली अर्ध्या इंचाचा पाइप लावावा आणि तार त्याच पाइपमधून उतरवावी. एकदा लावले की वीस वर्षांनी काढले तरी तुळई जशीच्या तशी राहील.

आणखी एक गोष्ट. आपल्या पुढच्या भागात दोन मजल्यांच्या मध्ये फक्त फळ्या आहेत, स्लॅब नाही. मग खालच्या वृत्तपत्र दालनासाठी वेगळे उपकरण लागेल का?

तारजोडणी, १० एप्रिल

फार चांगला प्रश्न आहे. लाकडी फळ्यांतून सिग्नल थोड्याच घटीने जातो; सळ्यांनी भरलेल्या आरसीसी स्लॅबमध्ये मात्र पंधरा-वीस डीबी सहज गळतात. त्यामुळे एकाच इमारतीचे दोन भाग दोन वेगळ्या पद्धतींनी आखावे लागतील. पुढच्या भागात वरचे उपकरण खालच्या दालनालाही पुरेल. मागच्या भागात प्रत्येक मजल्याचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

काहीही पक्के करण्यापूर्वी तात्पुरती मांडणी करून पाहावी. रंगाऱ्यांची एखादी उंच घोडी आणावी, तिच्यावर ठरलेल्या उंचीला ॲक्सेस पॉइंट उपडा बांधावा, पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या तारेतूनच उपकरणाला वीज देणारे यंत्र) व लांब तार लावून तो चालू करावा आणि सर्व कोपऱ्यांत फिरून आकडे लिहावेत. एका सकाळचे काम आहे, पण चुकीच्या जागी केसिंग ठोकण्यापासून ते वाचवते.

दुसरा_मजला, १० एप्रिल

मी याच अभ्यासिकेत मागच्या भागातील मुलींच्या वाचन कक्षात बसते. सरांनी हा धागा सूचना फलकावर लावला, म्हणून वाचला. आमच्याकडेही अडचण आहे, पण ती उन्हाळ्यातली नाही, बारमाही आहे. जिन्यातला ॲक्सेस पॉइंट खाली, पहिल्या व दुसऱ्या मजल्याच्या मधल्या टप्प्यावर आहे. दाराजवळच्या टेबलावर नेट येते. खांबाच्या मागच्या सहा जागांवर मोबाईल जोडलेला दिसतो, पण काहीच उघडत नाही. गेल्या महिन्यात माझी सराव चाचणी शेवटच्या अकरा मिनिटांत तुटली आणि उत्तरे जतन झाली नाहीत. तेव्हापासून मी सकाळी सातला येऊन दाराजवळची जागा धरते. उशिरा येणाऱ्या मैत्रिणींना ती कधीच मिळत नाही. दालनाबरोबर आमच्या खोलीचाही विचार व्हावा.

महाल_अभ्यासिका, १० एप्रिल

ताई, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. तक्रार वहीत ही नोंद नव्हती आणि मी स्वतः त्या खांबामागे कधी बसून पाहिले नाही, ही माझी उणीव आहे. उद्याच मोजणी करतो.

तारजोडणी, ११ एप्रिल

जिन्याची जागा ही नेहमीची चूक आहे. जिना मध्यभागी दिसतो, तार तेथून वर जाते आणि तेथे कोणाला उपकरण आड येत नाही. पण जिन्याभोवती सर्वांत जास्त काँक्रीट व लोखंड असते आणि जिन्यात कोणी अभ्यासाला बसत नाही. ॲक्सेस पॉइंटची जागा माणसे जेथे तासन्‌तास बसतात तेथून मोजत यावी. तारेचा मार्ग त्यानंतर शोधावा. आपल्या चारही उपकरणांच्या बाबतीत क्रम उलटा झाला आहे.

मुलींच्या कक्षात छताच्या मध्यावर एक उपकरण लावावे, मात्र खांबाच्या अशा बाजूला की त्या सहा जागा खांबाच्या सावलीत येणार नाहीत. हा वरचा मजला असल्याने मे महिन्यात स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. घरात वापरायची बरीच उपकरणे ४० किंवा ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. म्हणून चकती स्लॅबला चिकटवू नये आणि पीओपीच्या खोबणीत तर मुळीच लपवू नये. खाली हात-दीड हात हवा खेळू द्यावी. शेजारच्या संगणक कक्षातले बारा संगणक वायफायवर असतील तर ते आधी तारेवर घ्यावेत. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याने हवेतली जागा अडवू नये.

सिव्हिल_लाइन्स, ११ एप्रिल

माझी आधीची सूचना मागे घेतो. मोबाईलच्या आवाजाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. एक शंका आहे. दोन ॲक्सेस पॉइंट एकाच दालनात तीस फुटांवर असतील, तर व्हरांड्यातल्याप्रमाणे तेही एकमेकांना ऐकतीलच ना?

तारजोडणी, ११ एप्रिल

ऐकतील, म्हणूनच त्यांना वेगळे चॅनेल द्यायचे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच, १, ६ आणि ११; आणि महालासारख्या दाट वस्तीत ते आसपासच्या घरांनी आधीच भरलेले असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये मात्र आपल्याकडे भरपूर जागा आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. एका उपकरणाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ द्यावा आणि रुंदी ८० वरून ४० वर, गरज पडल्यास २० वर आणावी. रुंदी कमी केली की एकट्याचा वेग कमी दिसतो, पण आसपासच्या उपकरणांशी होणारी टक्कर कमी होते. दोघांपैकी एकाचा २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ बंदच करावा. शक्ती १४ डीबीएमपर्यंत उतरवावी, म्हणजे मोबाईल व ॲक्सेस पॉइंट जवळजवळ सारख्या आवाजात बोलतील.

५२ ते १४४ या चॅनेलांवर बहुतेक उपकरणे आधी मिनिटभर रडारची चाहूल घेतात आणि रडार जाणवले तर चॅनेल सोडतात. चाचणीच्या मध्यात असे घडू नये म्हणून ते मी आपल्याला सुचवत नाही.

तारेविषयीही एक सांगतो, कारण येथे पैसे वाचवण्याचा मोह होतो. नेटवर्कची कॅट-६ तार शुद्ध तांब्याचीच घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार निम्म्या भावात मिळते. पीओईची वीज त्याच तारेतून जाते तेव्हा ती तापते आणि लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडून उपकरण आपोआप बंद-चालू होते. कापलेल्या टोकाला नखाने किंवा पात्याने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर परत करावी. स्विचपासून उपकरणापर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत असावी.

महाल_अभ्यासिका, १९ एप्रिल

उशिराबद्दल क्षमस्व, विश्वस्तांची बैठक व्हायची होती. कुलरचा प्रयोग आणि आकड्यांचा कागद समोर ठेवल्यावर फार बोलावे लागले नाही. नवीन उपकरण एकही घेतले नाही, आहेत त्याच चार उपकरणांच्या जागा बदलल्या. खर्च झाला तो तार, क्लॅम्प व मजुरी यांचा.

दालनात आधी घोडीवर बांधून मोजले. पहिल्या प्रयत्नात पश्चिमेकडचे उपकरण पंख्याच्या अगदी शेजारी व पात्यांच्या थोडे वर आले होते आणि पंखा पाचवर फिरू लागताच आकडा उणे ५२ ते उणे ६१ असा सारखा हलत होता. ते दोन फूट खाली व चार फूट बाजूला घेतल्यावर स्थिर झाले. आता दुपारी तीन वाजता, सर्व कुलर चालू आणि दालन भरलेले असताना, सर्वांत वाईट खुर्चीवर उणे ५९ मिळतात. खालच्या वृत्तपत्र दालनात फळ्यांमधून उणे ६४ येतात, त्यामुळे तेथे वेगळे उपकरण लावले नाही. क्लॅम्प रबर घालूनच बसवले आहेत. तुळईवर एक ओरखडाही नाही.

मागच्या भागात पहिल्या मजल्यावर फक्त लोखंडी रॅक आहेत आणि कोणी बसत नाही, म्हणून तेथे काही लावले नाही. तिसरे उपकरण मुलींच्या कक्षात, स्लॅबपासून सव्वा फूट खाली टांगले. चौथे तळमजल्यावर पुस्तक देवघेवीच्या खिडकीशी ठेवले. संगणक कक्षाची तारजोडणी उद्या पूर्ण होईल.

दुसरा_मजला, २० एप्रिल

काल खांबामागच्या तिसऱ्या जागेवर बसून दोन तासांची पूर्ण चाचणी दिली. उणे ५७ दिसत होते. एकदाही तुटले नाही. सरांचे, शिपाईकाकांचे आणि येथे लिहिणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार.

चुनाविटा, २० एप्रिल

व्हरांड्यातली जुनी केसिंग पट्टी काढल्यावर भिंतीत राहिलेली भोके सिमेंटने बुजवू नयेत. चुन्याच्या भिंतीत सिमेंटची डागडुजी ओल धरून ठेवते आणि भोवतीचा गिलावा सुटतो. चुना-वाळूनेच भरून घ्यावीत, आणि तेही पावसाळ्यापूर्वी.

महाल_अभ्यासिका, २१ एप्रिल

चुना आणला आहे. रविवारी गवंडी येत आहे. कुलर निघाल्यावर जुलैमध्ये त्याच खुर्च्यांवर पुन्हा मोजणी करून आकडे याच धाग्यात देईन.